झाकणाचा आवाज

भाऊबीजेच्या रात्री जेवणं आटोपली होती. ओवाळणीची ताटं तशीच कोपऱ्यात, निरांजनातलं तूप गोठत आलेलं, आणि आम्ही सगळे ताईच्या पुण्याच्या घरात हॉलमध्ये गाद्या टाकून आडवे झालो होतो. मोबाइलमधून मान वर न काढता भाच्याने विचारलं, "तुमच्यापैकी कुणी भूकंप अनुभवलाय का?" असा प्रश्न म्हणजे माझ्यासाठी पर्वणीच. मी उठून बसले आणि किल्लारीच्या भूकंपाची रात्र सांगायला घेतली, गेली कितीतरी वर्षं सांगत आलेय तशी. सोलापूरचं आमचं घर. झिरोच्या बल्बचा लालसर उजेड. आदल्याच दिवशी गणपती गेलेले, लेझमीच्या डावात ओरडून ओरडून अण्णांचा घसा पार बसलेला. पहाटे मांडणीवरची भांडी आधी हळू कुजबुजायला लागली, मग थंडीत दात वाजावेत तशी वाजायला लागली, आणि वरच्या फळीवरचं मोठं पितळी पातेलं धाडकन खाली आलं. पातेलं पडलं ते पडलं, त्याचं झाकण मात्र फरशीवर गोल गोल फिरत राहिलं. आधी सावकाश, मग जलद, मग नुसता थरथराट, आणि मग एकदम चिडीचूप. आजी ओरडली, "भायेर व्हा सगळे!" बाहेर अख्खा बोळ गोधड्या पांघरून उभा, पायाखाली कालच्या मिरवणुकीचा गुलाल, आणि आजीने तिचे दोन्ही तळवे माझ्या कानांवर घट्ट दाबून धरलेले. इथवर आलं की मी नेहमी जराशी थांबते. ऐकणारेही थांबतात.

त्या थांब्यात ताई म्हणाली, "पण तू नव्हतीस की तिथं."

अगदी साध्या आवाजात म्हणाली, ताटातलं मीठ संपलंय असं सांगावं तशी. "आईला कावीळ झालती ना तेव्हा. तुला मामाकडं ठेवलं होतं, जळगावला. माझी सातवी होती म्हणून मला नाही पाठवलं." पोरं खो खो हसली. मावशीची स्टोरी फेक निघाली, असं जाहीर झालं. मीही हसले, पण कानशिलं तापली होती. "येडी का तू? मला ते झाकण दिसतंय अजून," मी म्हटलं. ताईने खांदे उडवले आणि कुशीवर वळली. तिला त्याचं काहीच नव्हतं. मी मात्र पंखा बघत रात्री दोनपर्यंत जागी.

घरातली एखादी वस्तू हरवली तर निदान ती कुठे ठेवली होती ती जागा मोकळी दिसते. इथे वस्तू जागच्या जागी होती, झाकण अजून फिरत होतं, फक्त ती माझी नाही असं कुणीतरी सांगून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी आईला फोन लावला. आई म्हणाली, "होतीस की. तुला दाराच्या चौकटीत उभं केलं होतं." मग म्हणाली, "थांब, चौकटीत ताई होती." मग, "का शेजारची बेबी होती गं?" आणि शेवटी, "तुमचं काय ते तुम्ही ठरवा, मला तेव्हा उठवत पण नव्हतं." आईचं तेव्हापासून हे असंच आहे. कुणी कशाबद्दल ठाम असलं की तिला ते लगेच पटतं, मग दुसरा ठाम बोलला की तेही.

मराठीत आपण 'मला आठवतं' म्हणतो, हे तेव्हा पहिल्यांदाच जाणवलं. खाते मी, चालते मी, विसरतेसुद्धा मीच; पण आठवतं मात्र 'मला'. भूक लागते, ताप येतो, थंडी वाजते, तसं. कर्ता कुणी वेगळाच, आपण फक्त ज्याच्यावर ते येतं तो. 'लक्षात ठेवते' म्हटलं की जरा मेहनत दिसते, 'घोकते' म्हटलं की घाम दिसतो. पण आठवण ही येते, होते, राहते. आणि काढली जाते. कुणी आठवण काढली की उचकी लागते म्हणतात. विहिरीतून पाणी काढावं तसा हा शब्द आहे, आणि काढलेलं पाणी कुणी परत विहिरीत ओतत नाही. आठवण मात्र काढली की परत ठेवावी लागते. ती परत ठेवताना काय होतं, हे मला पुढे कळायचं होतं.

मुद्दा असा की मी खोटं बोलत नव्हते. खोटं बोलताना माणसाला कळतं. मी तर त्या रात्रीची शपथ घेतली असती.

अमेरिकेत २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान आकाशात फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उल्रिक नाइसर या मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठातल्या १०६ मुलांकडून लिहून घेतलं: बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता, कुणी सांगितली, काय करत होता. अडीच वर्षांनी त्यातली ४४ मुलं गाठून तेच प्रश्न पुन्हा विचारले. सातपैकी सात गुण मिळाले फक्त तिघांना. ११ जणांना शून्य. एका मुलीने आधी लिहिलं होतं की वर्गात बसले असताना काही जण बोलत आत आले आणि कळलं. अडीच वर्षांनी ती सांगत होती की खोलीवर मैत्रिणीबरोबर टीव्ही बघत होते. आणि ती अगदी ठाम होती. आपल्याच अक्षरातला कागद समोर धरला तरी काही जणांच्या मनातलं चित्र हललं नाही. हे वाचताना मला त्या मुलांचा राग आला, आणि मग लगेच ताईचा. पानशेतच्या पुराबद्दल बोलणारी पुण्यातली म्हातारी माणसं आठवली. १२ जुलै १९६१ ला पाणी आलं तेव्हा आपण नेमकं कुठल्या पुलावर उभे होतो ते प्रत्येकाला ठाऊक. इतकी सगळी माणसं खरंच त्या पुलांवर असती तर पूल धरणाच्याही आधी गेले असते.

एलिझाबेथ लॉफ्टसचा प्रयोग त्याहून जवळचा लागला. १९९५ साली छापलेल्या त्या अभ्यासात २४ जणांना त्यांच्या लहानपणच्या चार गोष्टी दिल्या. तीन खऱ्या, घरच्यांना विचारून घेतलेल्या. चौथी बनावट: पाच वर्षांचे असताना तुम्ही बाजारसंकुलात हरवला होता, रडत होता, एका वयस्क बाईने तुम्हाला घरच्यांपाशी आणलं. साधारण चौथा हिस्सा लोकांना न घडलेली ही गोष्ट पूर्ण किंवा अर्धीमुर्धी 'आठवली'. त्यासाठी बळजबरी नको, अंगारा-धुपारा नको. घरचं माणूस म्हणतंय एवढं पुरे. आणि आमच्या घरात ही भूकंपाची गोष्ट किती वेळा सांगितली गेली असेल! दर गणपतीला, दर पाहुण्याला. अण्णा सांगायचे, आजी सांगायची, शेजारचे दुरुस्त्या करायचे. मी ऐकत मोठी झाले. कधीतरी ऐकणाऱ्या रांगेतून उठून मी आतल्या रांगेत जाऊन बसले असेन, आणि कुणाच्या लक्षात आलं नसेल. माझ्याही नाही.

योगसूत्रांत स्मृतीची व्याख्या आहे, 'अनुभूतविषयासंप्रमोषः स्मृतिः'. कॉलेजात संस्कृतला होतं. तेव्हा पाठ केलं आणि परीक्षेनंतर सोडून दिलं, पण सूत्राची चाल राहिली. त्यातल्या 'प्रमोष'मध्ये मुष् धातू आहे, मुष् म्हणजे चोरणं. अनुभवलेली गोष्ट चोरीला न जाणं म्हणजे स्मृती. त्या रात्री पंख्याकडे बघताना हे सूत्र आपोआप वर आलं आणि मला हसूच फुटलं. पतंजलीला चोरी जाण्याची काळजी होती. इथे तर मीच चोर. ताईची रात्र उचलून, तिच्यावर माझं नाव टाकून, तीस वर्षं वापरत होते. ताईनेही कधी तक्रार केली नव्हती.

एक गोष्ट मात्र आधीच खटकायला हवी होती. माझ्या त्या आठवणीत मी स्वतःला दिसते. रस्त्यावर, पिवळ्या फुलांच्या फ्रॉकमध्ये, आजीच्या दोन हातांच्या मधोमध माझं डोकं. आता हे दृश्य बघणारे डोळे कुणाचे? माझे डोळे तर त्या डोक्यात होते. मी ताईला लगेच फोन करून हार मान्य करणार होते, पण मग वाचलं की खऱ्या आठवणीसुद्धा माणसाला अशा बाहेरून दिसतात, विशेषतः जुन्या. मी माझं लग्न आठवलं. तिथेही मी स्वतःला दिसते, पण ते बहुधा अल्बमामुळे. शाळेतलं स्टेजवरचं भाषण? तिथेही समोरून. म्हणजे पुरावा गेला. माझ्याकडे ना हो, ना नाही.

मग मी जरा हिशेब करायला बसले की खात्रीने माझं असं काय आहे.

पाढे आहेत. 'सात सक बेचाळीस' हे मला कधीही झोपेतून उठवून विचारा. पण मधूनच विचारलंत तर मी मनात 'सात एके सात'पासून गाडी सोडते आणि सहाव्या स्टेशनात थांबवते. उत्तर आकड्यात नाहीच, चालीत आहे. अण्णांना तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीसुद्धा यायची. साडेतीनचा पाढा लागणाऱ्या जगातला माणूस. बाजारात भाजीवाल्याच्या आधी त्यांचा हिशेब तयार असायचा. पण ते कुठल्या दिवशी, कुठल्या गुरुजींसमोर पाठ झाले, हे त्यांना सांगता यायचं नाही, मलाही माझं येत नाही. एंडेल टुल्विंग या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली नेमकी ही फारकत मांडली: प्रसंग आठवणं वेगळं, गोष्ट ठाऊक असणं वेगळं. सोलापूरला सिद्धेश्वराचं तळं आहे हे मला ठाऊक आहे. तळ्याकाठी भेळ खाताना चप्पल पाण्यात पडली हे मला आठवतं. पहिल्यात मी नाहीच, कुणीही असू शकतं. दुसऱ्यात मी असायलाच हवी. आणि गंमत बघा, जी आठवण 'मी'शिवाय उभीच राहत नाही, ती इतकी कच्ची. आणि जिच्यात माझा पत्ता नाही ते सात सक बेचाळीस मरेपर्यंत पक्कं.

त्याहून कच्चा माल म्हणजे ओटीपी. मेसेजमधले सहा आकडे दुसऱ्या स्क्रीनवर नेईपर्यंत मी ओठांत पुटपुटत असते, ओंजळीतून पाणी न्यावं तशी. मध्ये कुणी "चहा टाकू का?" विचारलं की सांडलं. जॉर्ज मिलरने १९५६ मध्ये या ओंजळीचं माप सात, दोन इकडे की दोन तिकडे, असं सांगितलं होतं. आई अजून मोबाइल नंबर जोडीजोडीने सांगते, अठ्ठ्याण्णव, बावीस, सदतीस. दहाचे पाच होतात, ओंजळीत मावतात. माझी मुलगी एकेक आकडा इंग्रजीत ऐकते आणि आजीला पुन्हा पुन्हा विचारते.

संक्रांतीला सोलापूरला गेले, गड्ड्याची यात्रा होती म्हणून, आणि खरं तर आईची लोखंडी ट्रंक उघडायची होती म्हणून. आमच्या बोळात एक काका राहतात, घरात तेलुगू बोलणारे, बाहेर आमच्याइतकंच सोलापुरी मराठी. उभं आयुष्य यंत्रमागावर गेलं, आता माग मुलगा चालवतो, टॉवेल विणतो. कानांना मागाच्या खडखडाटाने दडे बसलेत, पण सवय म्हणून रोज शेडमध्ये जाऊन बसतात. मी तिळगूळ द्यायला गेले तेव्हा एक धागा तुटला आणि मुलाच्या आधी काका उठले. दोन टोकं धरली, बोटांत काहीतरी झालं, आणि गाठ बसलेली. मला दिसलंच नाही. म्हटलं, काका, पुन्हा करून दाखवा, हळू करा. त्यांनी सुताचा तुकडा घेतला, हळू करायला लागले आणि अडकले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडकले. कुठलं टोक कुणावरून जातं ते त्यांना सांगता येईना. शेवटी वैतागून म्हणाले, "हळू येत नाही बाई ते." आणि नेहमीच्या वेगात अर्ध्या क्षणात गाठ मारून माझ्या हातात ठेवली.

तो तुकडा मी पर्समध्ये ठेवला.

हातांचं हे वेगळं दप्तर असतं, हे एका माणसामुळे जगाला कळलं. हेन्री मोलेसन त्याचं नाव. जिवंत होता तोवर फक्त एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखला गेला. १९५३ साली, २७ वर्षांचा असताना, फेफरं थांबावं म्हणून अमेरिकेत त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे जिथे नव्या आठवणी घडतात त्या जागेचा, बराचसा भाग काढून टाकला. फेफरं कमी झालं, पण नव्या आठवणी बनायच्या थांबल्या. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन परत आले की त्याच्यासाठी नवे. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीच्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायला दिली. आपण करून बघितलंत तर कळेल, हात उलट्याच दिशेला पळतो. तीन दिवस रोज केलं. रोज त्याला वाटे की हे आपण पहिल्यांदाच करतोय. आणि हात मात्र रोज सुधारत होता. आठवण कुठे तरी बनत होती, फक्त त्याला कळवत नव्हती. २००८ साली, ८२ व्या वर्षी तो गेला. पंचावन्न वर्षं असा माणूस, ज्याला हात होते पण कालचा दिवस नव्हता. मी हे काकांना सांगितलं. त्यांनी एक कान पुढे करून ऐकलं आणि विचारलं, "मग पगार घेतला का नाही हे कसं कळायचं त्याला?"

जिनिव्हाच्या एडुआर क्लापारेद या डॉक्टरची गोष्ट १९११ ची आहे, आणि ती मला जरा क्रूरच वाटते. त्याच्याकडे अशीच एक रुग्ण बाई होती, रोज त्याची नव्याने ओळख करून घेणारी. एकदा त्याने बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला. पुढच्या वेळी तिने त्याला ओळखलं नाही, पण त्याने हात पुढे केला तसा तिने आपला मागे घेतला. का, तर तिला सांगता येईना. हे वाचलं आणि मला कळण्याची भाकरी आठवली.

आमच्या सोलापूरकडे ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. कळण्याची भाकरी तिकडची, खानदेशातली, ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची. आमच्या घरात ती कधी झाली नाही. मुंबईत नोकरीला लागले तेव्हा डब्यात कुणीतरी आणली, ठेच्याबरोबर, आणि पहिल्याच घासाला मला गलबलून आलं. का ते कळेना. भाकरी रुचकर होती, पण रडू यावं इतकी नव्हती. तेव्हापासून कुठे दिसली की मी घेते. ताई चिडवते, "हिला ही जळगावी जीभ कुठून आली कोण जाणे." चिडवता चिडवता ती दर वेळी स्वतःच उत्तर देत होती, आणि आम्हा दोघींच्याही ते ध्यानात येत नव्हतं. जळगावच्या त्या अडीच महिन्यांतलं मला काही म्हणजे काही आठवत नाही. घराचा जिना नाही, शाळा नाही, मामीचा आवाज नाही. आईपासून लांब सात वर्षांची पोर, ती रडली असेल, कुणीतरी जवळ घेऊन भरवलं असेल. ते सगळं गेलं आणि जिभेवर एक भाकरी ठेवून गेलं. वासाची वाट मेंदूत इतर संवेदनांसारखी वळसा घेत नाही, जवळजवळ थेट भावना आणि आठवणींच्या घरात शिरते, असं म्हणतात. असेल. मला एवढंच दिसतं की ज्या रात्री मी नव्हते ती मला लख्ख आठवते, आणि जिथे मी होते तिथली फक्त एक चव उरलीय.

माझ्या ऑफिसात उमरगा भागातली एक जण आहे, माझ्याच वयाची. तिच्यासमोर ही गोष्ट मी कधी सांगितली नाही. मला वाटायचं, तिला त्रास नको. आता वाटतं, आत कुठेतरी लाज असणार. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. विसर्जन करून दमून झोपलेली गावं, दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं ओझं. आमच्याकडे पातेलं पडलं. तिकडे घरं पडली, हजारो माणसं गेली. ती एकदाच म्हणाली होती, "मला त्यातलं काही आठवत नाही, लहान होते." पण भाड्याचं घर बघताना तिने तीन चांगली घरं नाकारली, वरचा मजला नको म्हणून. रात्री चपला पलंगाशी, तोंड दाराकडे करून ठेवते. आठवत नाही म्हणते ते खरंच असेल. चपलांना आठवतं.

ट्रंक उघडायला दोन दिवस गेले, कारण किल्ली कुठे ठेवली ते आईला आठवेना. शेवटी ती देवघरातल्या गंगाजलाच्या लोटीखाली सापडली, आणि आई म्हणाली, "तिथंच असणार की, मी दुसरीकडं ठेवतेच कुठं." आत सोलापुरी चादरी होत्या, डांबराच्या गोळ्यांच्या वासाच्या. आई दर वर्षी त्या काढते, ऊन दाखवते आणि उलट्या घडीने परत ठेवते, म्हणजे एकाच घडीवर विरत नाहीत. चादर तीच, घड्या दर वर्षी नव्या. मला उंदरांवरचा तो प्रयोग आठवला. करीम नादेर आणि सहकाऱ्यांनी २००० साली उंदरांना एका आवाजाची भीती शिकवली, पक्की होऊ दिली, मग तो आवाज पुन्हा ऐकवून आठवण जागी केली आणि नेमक्या त्या वेळी मेंदूत प्रथिनं बनणं रोखणारं औषध दिलं. उंदीर भीती विसरले. आवाज न ऐकवता औषध दिलं तर विसरत नव्हते. म्हणजे काढलेली आठवण काही काळ मऊ असते, ती नव्याने घडी घालूनच ठेवावी लागते. मी माझी भूकंपाची चादर किती वेळा काढली असेल? दर वेळी थोडी शोभा वाढवून. झाकणाचा तो थरथराट तर मी कॉलेजात असताना फारच रंगवून सांगायचे, तोंडाने आवाज काढून.

चादरींच्या खाली पत्रांची पिशवी होती. आजीच्या वर्षश्राद्धाचे फोटो, ताईची प्रगतिपुस्तकं, आणि एक निळं आंतर्देशीय पत्र, जळगावच्या पत्त्यावर, अण्णांच्या अक्षरात. अण्णांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांचा 'ळ' बघून मी आधी तशीच बसून राहिले. तारीख २ ऑक्टोबर १९९३. मामांना स. न. वि. वि., मग हिची तब्येत आता बरी आहे, उसाचा रस चालू आहे, आणि मग भूकंपाचं. आम्ही सर्व सुखरूप आहोत, काळजी नसावी. मांडणीवरचं मोठं पातेलं खाली आलं, त्याचं झाकण किती तरी वेळ फिरत होतं. आईने सगळ्यांना बाहेर काढलं. रस्त्यात कालचा गुलाल तसाच होता, सगळ्यांचे पाय लाल झाले. शेवटी बारीक अक्षरात, कडेच्या समासात उभं लिहिलेलं: छोटीला हे पत्र वाचून दाखवावे, म्हणजे ती घाबरणार नाही.

म्हणजे मामीने वाचून दाखवलं असेल. एकदा नव्हे, मी सांगेन तितक्या वेळा. मुलं तेच तेच वाचून मागतात. मी ते पत्र जळगावहून परत येताना फ्रॉकच्या खिशात घालून आणलं असणार, नाहीतर ते आमच्या ट्रंकेत यायचं काही कारण नाही. घड्यांवर पार फाटलंय ते. पातेलं पत्रातलं, झाकण पत्रातलं, गुलाल पत्रातला. पण आजीचे कानांवरचे हात पत्रात नाहीत. मी तीनदा वाचलं, पाठचा भागही बघितला. नाहीतच.

रात्री ताईला फोन केला. म्हटलं, "जिंकलीस." पत्र वाचून दाखवलं. अण्णांचा 'काळजी नसावी' आला तशी ती तिकडे नाक ओढायला लागली. मग मी विचारलं, "आजीने तुझे कान झाकले होते का गं?" ती म्हणाली, "छे. माझ्या हातात तर कंदील दिला होता. आजी आईला धरून होती." मग ते हात कुणाचे? मामीचे असतील, दुसऱ्याच कुठल्या रात्रीचे, जळगावला मेघगर्जनेचे किंवा फटाक्यांचे. मामी आता नाही. विचारायला कुणी नाही.

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग ताईच म्हणाली, "बरं सांग, ते झाकण फिरत फिरत कुठं जाऊन थांबलं? ते काही अण्णांनी लिहिलेलं नाही."

"मोरीकडे," मी म्हटलं. विचार न करता.

ताई एकदम गप्प झाली. "हो," ती म्हणाली. "मोरीकडेच गेलं होतं." मला काटा आला. तेवढ्यात ती हसायला लागली. "अगं पण आपल्या घरात काहीही पडलं तरी मोरीकडेच जायचं की. फरशीला उतार होता."